प्रसिद्धीसाठी नव्हे

गेल्या हिवाळ्यात कचेरीतील माझ्या एका मराठी सहकाऱ्यांच्या मेजावर एक सचित्र माहितीपत्रक पडलेले दिसले. त्यांचे मेहुणे प्रवासाच्या व्यवसायात असल्यामुळे असली पत्रके त्यांच्याकडे नेहमीच येतात, आणि रजा-प्रवास-सवलतीच्या हिशेबाबाहेर ज्यांचा प्रवास सहसा जात नाही असे आम्ही कारकून मधल्या सुट्टीत ती मोठ्या आवडीने चाळतो. या पत्रकावर बर्फाचा एक निळसर कडा, त्याच्या पायथ्याशी उभे असलेले पेंग्विन पक्षी आणि दूरवर एक छोटीशी पांढरी नौका असे चित्र होते. नौका अंटार्क्टिकाला जाणार होती. सोबत पक्ष्यांचे आणि हिमनद्यांचे अभ्यासक, रोज सायंकाळी व्याख्यान, रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरण्याची सोय, हे सारे अशा सफरींत असतेच. वेगळे होते ते एवढेच की, ही सफर समलिंगी प्रवाशांसाठी, म्हणजे पुरुषावर प्रेम करणारे पुरुष आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी काढलेली होती.

माझे सहकारी स्वभावाने वाईट नाहीत. ते हसत म्हणाले, "अहो, पेंग्विन बघायला निराळं जहाज कशाला लागतं? पेंग्विन काय लग्नाचा दाखला मागतात?" सगळे हसले, मीही हसलो. परंतु प्रश्न मनातून जाईना. मी इतिहास हा विषय घेऊन पदवीधर झालो आणि पुढे पोटासाठी सरकारी टिपणे लिहू लागलो. तरीही एखादा प्रश्न थट्टेने विचारला गेला म्हणून त्याला इतिहास नसतो असे नाही, एवढे शिक्षण अजून शिल्लक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर धुंडाळीत जाता जाता मी शंभरावर वर्षांपूर्वी छापलेल्या एका कागदापाशी येऊन पोचलो. त्या कागदाच्या माथ्यावर, आम्हा कारकुनांना फार ओळखीचा वाटावा असा एक शेरा आहे: 'प्रसिद्धीसाठी नव्हे.' त्या शेऱ्याची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख आहे. परंतु आधी नौकांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

अंटार्क्टिकाकडे केवळ पाहण्यासाठी माणसे जाऊ लागली त्याला अजून पुरती पाऊणशे वर्षेही झालेली नाहीत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतून काही प्रवासी तिकडे जाऊन आले. परंतु आज ज्या तऱ्हेच्या अभ्याससफरी निघतात त्यांचे जनकत्व लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अमेरिकन गृहस्थांकडे जाते. त्यांनी १९६६ साली अर्जेंटिनाच्या नौदलाचे जहाज भाड्याने घेऊन प्रवाशांची एक तुकडी तेथे नेली, आणि १९६९ साली तर खास याच कामासाठी 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' ही बर्फाला तोंड देऊ शकेल अशा बांध्याची छोटी नौका बांधून घेतली. ज्याने एखादी भूमी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तोच पुढे तिच्या रक्षणासाठी उभा राहील, अशी त्यांची श्रद्धा होती. ती नौका अनेक मालकांच्या हातांतून गेली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये बर्फावर आदळून त्याच समुद्रात बुडाली. सुदैवाने तिच्यावरील १५४ माणसांपैकी एकही दगावले नाही. तिने घालून दिलेली रीत मात्र टिकली.

या भूमीवर कोणाचे राज्य नाही. १९५९ साली झालेला अंटार्क्टिका करार १९६१ मध्ये अंमलात आला आणि तेथे लष्करी हालचालींना बंदी झाली. भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली, आणि १९८३ साली भारतही या करारात सामील झाला. प्रवाशांसाठी नियम कडक आहेत. एका ठिकाणी एका वेळी शंभरांहून अधिक माणसे उतरवीत नाहीत. पाचशेहून अधिक प्रवासी असलेली नौका कोणालाच उतरवीत नाही. उतरण्यापूर्वी बूट धुवून घ्यावे लागतात. पेंग्विनपासून पाच मीटर अंतर ठेवावे लागते, आणि पक्षी वाटेत आला तर थांबायचे ते माणसाने. खडा उचलून खिशात टाकण्याचीही परवानगी नाही. पाहावे, टिपून घ्यावे आणि परतावे, एवढाच अधिकार माणसाला आहे.

आता दुसऱ्या नौकांची गोष्ट. ज्या १९६६ साली लिंडब्लाड यांची मंडळी अंटार्क्टिकाला गेली, त्या साली इंग्लंडमध्ये दोन प्रौढ पुरुषांचे बंद दाराआडचे प्रेमसुद्धा गुन्हा होते. इंग्लंड व वेल्सपुरता तो कायदा १९६७ मध्ये सैल झाला. अमेरिकेत इलिनॉय हे एकच राज्य तोवर अपवाद होते. अशा दिवसांत प्रवास म्हणजे पदोपदी खोटे बोलणे होते. विश्रामगृहाच्या नोंदवहीत दोघांचे नाते काय लिहायचे? जहाजावर आठ जणांच्या मेजावर कोणी आपुलकीने विचारले की, "सौभाग्यवती आल्या नाहीत वाटतं?" तर काय सांगायचे? मग एकजण 'चुलतभाऊ' होई, दुसरा 'कचेरीतला स्नेही' होई, आणि पंधरा दिवस ते सोंग सांभाळण्यातच जात.

१९७०च्या दशकाच्या प्रारंभी हान्स एबेन्स्टेन या जन्माने जर्मन असलेल्या गृहस्थांनी अशा पुरुषांची एक तुकडी कोलोराडो नदीतून तराफ्यांवरून नेली. तेथून या प्रवासांचा आरंभ सांगतात. १९८६ मध्ये अशा प्रवाशांसाठी सबंध जहाज भाड्याने घेऊन पहिली सफर निघाली. स्त्रियांच्या गाण्यांच्या तबकड्या काढण्यासाठी १९७३ साली स्थापन झालेल्या 'ऑलिव्हिया' या संस्थेने १९९० मध्ये सुमारे सहाशे स्त्रियांना घेऊन पहिली समुद्रयात्रा केली. त्यांना सर्वत्र दारे उघडी होती असे नाही. १९९८ साली नऊशे समलिंगी प्रवाशांच्या 'नॉर्वेजियन स्टार' या जहाजाला केमन बेटांच्या सरकारने बंदरात येण्याचीच परवानगी नाकारली. पुढे दोनच वर्षांनी ब्रिटिश सरकारला आपल्या कॅरिबियन वसाहतींतील ते जुने कायदे हुकूम काढून रद्द करावे लागले. या नौकांनी मग उष्ण समुद्रांपलीकडे वाटा शोधल्या आणि एकविसाव्या शतकात त्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरातही जाऊ लागल्या. तेथे बंदर नाकारणारे सरकारच नाही. एप्रिल २०२२ मध्ये 'सर डेव्हिड ॲटनबरो' या ब्रिटिश संशोधननौकेवरील दोन पुरुष कर्मचाऱ्यांचा विवाह त्याच बर्फाच्या सान्निध्यात, नौकेच्या कप्तानाने कायद्यानुसार लावला.

पृथ्वीच्या या टोकांना आपण मराठीत ध्रुव म्हणतो. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सहा महिन्यांची रात्र, महिनाभर रेंगाळणारी उषा यांची चर्चा मराठी घरांत होऊ लागली. त्यातील सिद्धान्त आजच्या संशोधकांना मान्य नाही, पण ध्रुवप्रदेशाशी मराठी वाचकाचा परिचय त्याने करून दिला. त्याहून जुनी ओळख आहे ती आजीच्या गोष्टीतील ध्रुवाची. बापाच्या मांडीवर बसायला गेलेल्या पोराला सावत्र आईने खाली ओढले. घरात जागा नाही म्हणून ते रानात गेले. आणि शेवटी कोणी उठवू शकणार नाही अशी जागा मिळवून बसले. त्या पत्रकाकडे पाहताना मला ही गोष्ट आठवली. निराळे जहाज कशाला, याचे अर्धे उत्तर तीत आहे. ज्याला आपल्याच पंक्तीत मांडी घालून बसू दिले नाही, तो दूरची जागा शोधतो.

उरलेले अर्धे उत्तर पेंग्विनांपाशी आहे.

कॅप्टन स्कॉट यांच्या १९१०-१३च्या मोहिमेचा करुण शेवट सर्वांना ठाऊक आहे. त्या मोहिमेची एक शाखा 'उत्तरेकडील तुकडी' म्हणून ओळखली जाते. व्हिक्टर कँपबेल यांच्या हाताखालील सहा जणांच्या या तुकडीत जॉर्ज मरे लेव्हिक हे आरमारी डॉक्टर होते. १९११च्या फेब्रुवारीत ही मंडळी केप अडेर येथे उतरली. जगातील अडेली पेंग्विनांची सर्वांत मोठी वसाहत तेथे आहे. तीन लाखांहून अधिक जोड्या तेथे घरटी करतात. या पक्ष्याच्या नावालाही प्रेमाचा इतिहास आहे. १८४० साली द्युमाँ द्युरव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने त्या बर्फाळ किनाऱ्याला आपल्या पत्नीचे, अडेलचे, नाव दिले, आणि ते पुढे या पक्ष्याला चिकटले.

ऑक्टोबरमध्ये पक्षी समुद्रावरून येऊ लागले आणि लेव्हिक वही घेऊन बसले. एका सबंध हंगामात, अगदी आरंभापासून अखेरपर्यंत, या पक्ष्यांचे असे निरीक्षण त्यापूर्वी कोणी केलेले नव्हते. नर येऊन खड्यांचे घरटे कसे रचतो, शेजाऱ्याचे खडे कसे चोरतो, मादी दोन अंडी कशी घालते, आळीपाळीने दोघे ती कशी उबवितात, हे सारे त्यांनी दिवसागणिक लिहिले. परंतु त्या वसाहतीत आणखीही काही चालले होते. टोळक्याने हिंडणारे नर सापडेल त्या पक्ष्यावर, पिलांवर, एवढेच काय पण गेल्या वर्षी मेलेल्या मादीच्या गोठलेल्या शवावरही चढत. आणि एकदा लेव्हिक यांना जी जोडी नरमादीची वाटली ती दोन्ही नरच निघाली; एकदा एक वर, मग दुसरा, अशी त्यांनी आपसांत अदलाबदल केली.

लेव्हिक हे व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत जन्मलेले सद्गृहस्थ. ऑस्कर वाइल्ड यांना इंग्लंडातील न्यायालयाने सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली त्याला तेव्हा सोळाच वर्षे झाली होती. त्यांना धक्का बसला, आणि त्यांनी पक्ष्यांना गुंडांत जमा केले. पण ते निरीक्षक म्हणून प्रामाणिक होते. जे दिसले ते लिहिल्यावाचून त्यांना राहवेना. मग त्यांनी एक युक्ती केली. असल्या नोंदी त्यांनी ग्रीक अक्षरांत लिहिल्या, म्हणजे शिकल्यासवरल्या माणसाशिवाय कोणाच्या हाती वही पडली तरी त्या वाचता येऊ नयेत. आधी इंग्रजीत लिहिलेल्या काही ओळींवर तर त्यांनी ग्रीक अक्षरांतला कागद डकवला. ही युक्ती त्या काळात नवी नव्हती. ग्रिफिथ यांच्या ऋग्वेदाच्या इंग्रजी भाषांतरातही काही ऋचा इंग्रजीत न आणता लॅटिनमध्ये देऊन टाकलेल्या आहेत.

पुढे जे झाले ते एखाद्या कादंबरीत शोभावे. १९१२च्या जानेवारीत ही तुकडी काही आठवड्यांच्या कामासाठी आणखी दक्षिणेस उतरली, परंतु बर्फामुळे जहाज त्यांना घ्यायला येऊ शकले नाही. सहा माणसांनी एका बर्फाच्या टेकाडात सुमारे बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद अशी गुहा खोदली आणि सील व पेंग्विन यांच्या मांसावर, चरबीच्या दिव्यांच्या काजळीत, सबंध ध्रुवीय हिवाळा काढला. तीन अधिकारी आणि तीन खलाशी. कँपबेल यांनी टाचेने गुहेच्या तळावर एक रेघ ओढली आणि सांगितले की, रेघेच्या या बाजूला बोललेले त्या बाजूला ऐकू येत नाही असे समजायचे. दोन्ही बाजूंना सारे ऐकू येत होते. रेघ होती ती ऐकले नाही असे म्हणण्यासाठी. या जागेला त्यांनी नाव दिले इनएक्स्प्रेसिबल बेट, म्हणजे जे शब्दांत सांगता येत नाही ते. अर्थात त्यांच्या मनात तेथील हालअपेष्टा होत्या. सहाही जण जगले आणि नोव्हेंबर १९१२ मध्ये चालत तळावर पोचले, तेव्हा त्यांना कळले की स्कॉट परतलेच नाहीत.

लेव्हिक यांचे 'अंटार्क्टिक पेंग्विन्स' हे पुस्तक १९१४ मध्ये निघाले आणि शास्त्रीय अहवाल १९१५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमने छापला. अहवालातून कामजीवनाचे प्रकरण गाळलेले होते. म्यूझियमच्या प्राणिविभागाचे प्रमुख सिडनी हार्मर यांचे मत असे पडले की, तेवढा मजकूर बाजूला काढावा आणि आपल्या उपयोगापुरत्या काही प्रती वेगळ्या छापून घ्याव्यात. त्याप्रमाणे शंभर प्रती छापल्या. माथ्यावर शेरा आला: प्रसिद्धीसाठी नव्हे. प्रती निवडक जाणकारांना वाटल्या गेल्या, आणि त्या माणसांबरोबर त्यांचा विसरही पडला.

मी रोज फाइली हाताळतो, म्हणून या गोष्टीतले एक मर्म मला जाणवते. हार्मर यांनी कागद जाळला नाही. सरकारी माणूस कागद सहसा जाळीत नाही. तो त्याला योग्य त्या कपाटात ठेवतो. खोटे कोणीच बोलले नाही. लेव्हिक यांनी पाहिले ते लिहिले, म्यूझियमने ते छापलेही; केवळ वाचणारा कोण असावा एवढेच ठरविले. आणि तेवढ्यानेच जगाच्या दृष्टीने ती गोष्ट घडलेली नाहीशी झाली.

या मौनाची किंमत किती, हे मोजता येते. १९९०च्या दशकात न्यूझीलंडचे पेंग्विन-अभ्यासक लॉइड डेव्हिस आणि त्यांचे सहकारी यांना अडेली नरांमधील असेच वर्तन आढळले. १९९८ मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपण पाहिले ते एका आरमारी डॉक्टराने आठ दशकांपूर्वीच पाहून, लिहून, छापून ठेवले आहे हे त्यांना कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. पुढे डेव्हिस यांनी लेव्हिक यांच्यावर एक सबंध पुस्तकच लिहिले. ते २०१९ साली निघाले. मूळ पत्रकाची एक प्रत म्यूझियमच्याच ट्रिंग येथील पक्षिविभागात डग्लस रसेल यांना कागदपत्रांत मिळाली, आणि २०१२ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ते 'पोलर रेकॉर्ड' या नियतकालिकात सटीप प्रसिद्ध केले. लिहिल्यापासून सुमारे शंभर वर्षांनी लेव्हिक यांच्या नोंदी वाचकांसमोर आल्या.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. केप अडेरच्या पक्ष्यांना माणसाच्या प्रेमाचे साक्षीदार म्हणून उभे करणे बरोबर नाही. आजचे अभ्यासक सांगतात की, लेव्हिक यांना जो दुराचार वाटला त्यात पुष्कळसा भाग अननुभवी तरुण पक्ष्यांच्या गोंधळाचा होता. जमिनीवर विशिष्ट प्रकारे पडलेला देह दिसला की त्यांची उपजत प्रेरणा जागी होते, मग तो देह जिवंत असो की मेलेला. त्यात बळजबरीही होती. पक्ष्याला नीती नाही आणि अनीतीही नाही. म्हणून पेंग्विन करतात तेव्हा ते योग्य, हा युक्तिवाद लंगडा आहे. परंतु त्याच न्यायाने पेंग्विन करीत नाहीत म्हणून ते अयोग्य, हाही युक्तिवाद तितकाच लंगडा होता. आणि शंभर-दीडशे वर्षे जगाने ऐकला तो दुसराच.

आपल्याच कायद्याकडे पाहा. १८६०च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने ज्या संबंधांना गुन्हा ठरविले त्यांचे वर्णन 'निसर्गक्रमाच्या विरुद्ध' असे केले होते. म्हणजे कायद्याने साक्षीला बोलाविले ते निसर्गाला. ज्या साम्राज्याने हे कलम आपल्यावर लादले, त्याच साम्राज्याच्या राजधानीत, त्याच निसर्गाची एक साक्ष शेरा मारून कपाटात ठेवलेली होती. साक्षीदाराला बोलवायचे आणि त्याची जबानी दाबून ठेवायची, असा हा न्याय झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते दूर केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते परत आणले. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ते पुन्हा तेवढ्यापुरते रद्द केले. तो निकाल पक्ष्यांच्या आधारावर नव्हे तर संविधानातील समतेच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कांवर उभा आहे, आणि तेच योग्य. त्या पीठातील न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात म्हटले की, इतक्या दीर्घ विलंबाबद्दल इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागायला हवी. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ते वाक्य मला स्वतःला उद्देशून असल्यासारखे वाटले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिताच बदलली. नव्या न्याय संहितेत ते कलम नाही. अशा जोडप्यांच्या विवाहाला मात्र कायद्याची मान्यता नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न विधिमंडळाकडे सोपविला.

तेव्हा माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाला मी आता असे उत्तर देईन. पेंग्विन पाहण्यासाठी निराळे जहाज लागत नाही. ते लागते आपण कोण आहोत हे दोन आठवडे ग्रीक अक्षरांत न लिहिता जगण्यासाठी. ज्या पक्ष्यांविषयीची नोंद एका शतकाने दडवली, ते पक्षी पाहायला तशीच दडवादडवी सोसलेली माणसे आज आपल्या खऱ्या नावाने जात आहेत.

एवढ्यावर लेख संपला असता. पण ज्या दिवसांत मी हे वाचीत होतो त्याच दिवसांत गावाहून एक लिफाफा आला. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी पुरवणी निघायची असून, जुन्या नोंदींत काही दुरुस्ती असल्यास कळवावी, असा त्यात छापील अर्ज होता. बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना हे पुस्तक म्हणजे गावाशी उरलेला धागा असतो. आमच्या शाखेचा अर्ज भरायचे काम, मी लिहिण्याचीच नोकरी करतो म्हणून, माझ्याकडे आले.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही अण्णाआजोबा म्हणत असू, रेल्वेच्या नोकरीत झाशीला होते. २००१ साली ते वारले तेव्हा मी शाळकरी होतो. त्यांच्या घरात मास्तर राहत. मास्तर कोण, असे आम्हा मुलांना कधी कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. सकाळचा चहा मास्तर करीत. वर्तमानपत्र अण्णाआजोबा मोठ्याने वाचीत, कारण मास्तरांचे डोळे अधू झाले होते. दिवाळीत आई झाशीला फराळ पाठवी तेव्हा चिवड्याचे डबे दोन असत. अण्णाआजोबांचे क्रियाकर्म माझ्या वडिलांनी केले. मास्तर स्मशानात इतरांच्या मागे उभे होते. तिलांजली द्यायला पुढे या, असे त्यांना कोणी म्हटले नाही. पुढे तीनचार वर्षांत तेही गेले. आम्हाला बातमी पत्राने कळली.

कुलवृत्तान्तात अण्णाआजोबांची नोंद दीड ओळीची आहे: रेल्वेत नोकरी, झाशी येथे वास्तव्य, अविवाहित. यातही खोटे काही नाही.

त्या दोघांत काय होते हे मला ठाऊक नाही, आणि आता जे विचारता येत नाही ते तर्काने ठरविण्याचा मला अधिकार नाही. परंतु जे घरातल्या सर्वांनी डोळ्यांनी पाहिले ते लिहायला काय हरकत आहे, असे मला वाटले. आईच्या जुन्या पत्रांतून मास्तरांचे पूर्ण नाव शोधून काढले आणि दुरुस्तीच्या रकान्यात त्या नावासह एकच वाक्य लिहिले: १९६७ पासून मृत्यूपर्यंत या स्नेह्यांसह एकत्र वास्तव्य. अर्ज धाडण्यापूर्वी वडिलांना दाखवणे भाग होते. ते जुन्या वळणाचे आहेत. आधी म्हणाले, "आहे ती नोंद बरोबरच आहे की." मी काही बोललो नाही. त्यांनी चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचली, बराच वेळ कागद हातात धरून बसले, आणि मग माझ्याकडे पेन मागितले. मला वाटले, खोडताहेत. त्यांनी फक्त सालातला एक आकडा सुधारला.

"सदुसष्ट नव्हे," ते म्हणाले, "सहासष्ट. मास्तर राहायला आले ते सहासष्टच्या दसऱ्याला. मी होतो तिथे."